बसचा पैसा कोणी द्यायचा?

९ मे २०२५ पासून मुंबईत बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. वातानुकूलित बसचे सहावरून बारा झाले. बातमी दोन दिवस चालली, चौथ्या दिवशी विसरली गेली. वर्तमानपत्रे वाचणाऱ्या आणि चॅनेलवर बोलणाऱ्या बहुतेकांना या वाढीची झळ बसली नाही, हे त्याचे साधे कारण. मलाही बसली नाही. मी सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो, कंपनीची बस घराजवळून नेते आणि परत आणून सोडते.

झळ कोणाला बसली, ते आमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या ताईंकडून कळले. त्या गोवंडीच्या शिवाजीनगरहून येतात. अंतर पाच किलोमीटरच्या आतले, बस एकच. महिन्याचे सव्वीस दिवस, रोज दोन वेळा. पूर्वी महिन्याला २६० रुपये लागायचे, आता ५२०. पास असतो हे त्यांना ठाऊक आहे, पण त्याची रक्कम एकदम भरावी लागते, आणि महिनाअखेरीला हातात एकदम पैसे नसतात. म्हणून आता येताना बस आणि जाताना पायी, असा त्यांनी मार्ग काढला आहे. दिवसभर चार घरची कामे करून पाच किलोमीटर चालणे म्हणजे काय, हे ज्याने त्याने विचारून पाहावे.

भाडेवाढीला विरोध करणे सोपे आहे. तो करायलाच हवा. पण त्यानंतर एक प्रश्न उरतो, आणि चळवळीतले आपण सगळे तो टाळतो: बस स्वस्तात चालवायची तर उरलेला पैसा आणायचा कुठून? "सरकारने द्यावा" हे उत्तर अर्धे आहे. सरकारच्या कोणत्या खिशातून, कोणत्या नियमाने, आणि पुढच्या वर्षी सरकारचे मन बदलले तर काय, हे सांगितल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.

जुनी व्यवस्था कशी मोडली

जगातल्या मोठ्या शहरांत बहुतेक ठिकाणी बस नुसत्या तिकिटावर चालत नाही. बेस्टही कधी नुसत्या तिकिटावर चालली नाही. ७ ऑगस्ट १९४७ रोजी ही कंपनी मुंबई महापालिकेच्या ताब्यात आली. तिच्याकडे वीजही होती आणि वाहतूकही. पुढची कित्येक दशके विजेतून उरलेल्या पैशावर बसची तूट भरून निघत असे. दक्षिण मुंबईतल्या वातानुकूलित कार्यालयांचे बिल अप्रत्यक्षपणे देवनारच्या प्रवाशाच्या तिकिटाला हातभार लावत होते. २००३ च्या वीज कायद्यानंतर विजेचा हिशेब वेगळा ठेवण्याचा आग्रह वाढला, आणि ही वाट हळूहळू बंद झाली.

दुसरा आधार महापालिकेचा, आणि महापालिकेचा सर्वात मोठा आधार जकातीचा. शहराच्या हद्दीत येणाऱ्या मालावर नाक्यावर घेतला जाणारा हा कर शेवटच्या काळात वर्षाला सात हजार कोटी रुपयांच्या आसपास होता. जकात नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागत, भ्रष्टाचार होता, व्यापारी त्रासले होते. जकात चांगली होती असे मी म्हणणार नाही. पण तो शहराचा स्वतःचा कर होता. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि जकात गेली. आता विक्रीवर कर लावण्याचा अधिकार केंद्राचा आणि राज्याचा. शहर स्वतःच्या बसगाड्यांसाठी विक्रीवर एक पैसाही लावू शकत नाही.

या काळात बेस्टचे काय झाले ते डोळ्यांसमोर आहे. एकेकाळी साडेचार हजारांच्या आसपास असलेला ताफा आता तीन हजारांच्या खाली आला आहे. त्यातल्या स्वतःच्या गाड्या थोड्या, बाकीच्या कंत्राटदारांकडून चालकासकट भाड्याने घेतलेल्या. ९ डिसेंबर २०२४ रोजी रात्री कुर्ला पश्चिमेला अशाच भाड्याच्या, विजेवर चालणाऱ्या एका बसने गर्दीत माणसे चिरडली, तेव्हा चालकाला नव्या प्रकारच्या गाडीचे पुरेसे प्रशिक्षण मिळाले होते का, हा प्रश्न निघाला. पैसा नसलेली सेवा आधी थांब्यावरची रांग वाढवते, मग देखभाल आणि प्रशिक्षण कापते. शेवटी किंमत मोजतो तो रस्त्यावरचा माणूस.

अटलांटाची गोष्ट

अमेरिकेतल्या अनेक शहरांनी हा प्रश्न विक्रीकराने सोडवायचा प्रयत्न केला. दुकानातल्या खरेदीवर अर्धा किंवा एक टक्का जादा कर, आणि तो पैसा फक्त सार्वजनिक वाहतुकीसाठी. कर लावायचा की नाही, हे लोक मतदानाने ठरवतात. यात आपण शिकावे असे बरेच आहे आणि सावध राहावे असेही बरेच आहे. दोन्हींसाठी अटलांटाचे उदाहरण उत्तम आहे.

जॉर्जिया राज्यातल्या या शहरात १९६८ साली रेल्वेसाठी पैसा उभारण्याचा प्रस्ताव मतदानाला आला आणि पडला. शहराची जवळपास निम्मी लोकसंख्या कृष्णवर्णीय होती. योजना आखताना त्यांना कोणी विचारले नव्हते. रेल्वे उपनगरातल्या गोऱ्या नोकरदारांना शहरात आणणार होती, आणि बसने कामाला जाणाऱ्या कृष्णवर्णीय वस्त्यांना तीतून फार काही मिळणार नव्हते. त्यांनी विरोधात मत दिले.

तीन वर्षांनी, नोव्हेंबर १९७१ मध्ये, तोच प्रस्ताव नव्या रूपात आला. या वेळी एक टक्का विक्रीकर सुचवला होता. विक्रीकर गरिबावर जास्त बसतो, ही टीका तेव्हाही झाली. मग वाटाघाटी झाल्या. कृष्णवर्णीय समाजाच्या पुढाऱ्यांनी पाठिंब्याची किंमत मागितली: बसचे भाडे चाळीस सेंटवरून पंधरा सेंटवर आणायचे आणि सात वर्षे वाढवायचे नाही. शिवाय त्यांच्या वस्त्यांत बससेवा वाढवायची आणि पेरी होम्स या सरकारी घरांच्या वसाहतीपर्यंत रेल्वेचा फाटा न्यायचा. महापौर सॅम मॅसेल स्वतः बसमध्ये चढून प्रवाशांना हे समजावत फिरले.

हिशेब आपणही करून पाहू. भाड्यात पंचवीस सेंट वाचले. दिवसाला दोन फेऱ्या, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे अडीच डॉलरची बचत. एक टक्का करात अडीच डॉलर जायला आठवड्याला अडीचशे डॉलरची खरेदी करावी लागेल. त्या काळी अमेरिकेतल्या मधल्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न दहा हजार डॉलरच्या आसपास होते, म्हणजे आठवड्याला दोनशेच्या आत. बसने जाणाऱ्या मजुराला या करातून तोटा होणे जवळपास अशक्य होते. कर गरिबावर बसत होता खरा, पण भाडेकपातीतून त्याहून जास्त परत येत होते.

फुल्टन आणि डिकॅल्ब या दोन काउंट्यांत, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्यांत, प्रस्ताव मंजूर झाला. फुल्टनमध्ये तर अवघ्या काहीशे मतांनी. मार्टा या सार्वजनिक संस्थेने १९७२ मध्ये खासगी बस कंपनी विकत घेतली आणि भाडे खरोखर पंधरा सेंट केले.

इथपर्यंतची गोष्ट गोड आहे. पुढची ऐकली पाहिजे. सात वर्षांची मुदत संपल्यावर भाडे पुन्हा चढू लागले. पेरी होम्सचा फाटा कधीच पूर्ण झाला नाही. १९९२ साली बँकहेड स्थानकापाशी तो थांबला आणि पुढे ती वसाहतच पाडली गेली. क्लेटन आणि ग्विनेट या उपनगरी काउंट्यांनी १९७१ मध्येच नकार दिला होता. त्यातल्या क्लेटनने २०१४ मध्ये, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी, हा कर मान्य केला. ग्विनेटने २०२४ मध्येही नकारच दिला. 'ती माणसे' बसमधून आपल्या भागात येतील, ही गोऱ्या उपनगरांची भीती या नकारांच्या मुळाशी बराच काळ होती, हे तिथले लोकच सांगतात. वस्तीची बदनामी आणि बसचा मार्ग यांचा संबंध आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको. "तिकडे रिक्षा येत नाही" हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे!

लॉस एंजेलिसने दाखवलेला धोका

लॉस एंजेलिस काउंटीने १९८० मध्ये अर्धा टक्का विक्रीकर मंजूर केला. आधी न्यायालयात वाद झाला, मग १९८२ पासून पैसा यायला लागला. पहिली तीन वर्षे बसचे भाडे पंच्याऐंशी सेंटवरून पन्नास सेंटवर आणले. प्रवासी झपाट्याने वाढले. तीन वर्षांनी, प्रस्तावातच लिहिल्याप्रमाणे, भाड्याची सवलत संपली आणि पैशाचा मोठा हिस्सा रेल्वेकडे वळला. प्रवासी पुन्हा घटले.

१९९० मध्ये आणखी अर्धा टक्का आला. कर वाढला तरी बसप्रवाशाचे हाल कमी झाले नाहीत. १९९४ मध्ये तिथल्या वाहतूक संस्थेने भाडे वाढवायचे आणि मासिक पास बंद करायचे ठरवले. कर प्रत्येक दुकानात गरीब लॅटिनो आणि कृष्णवर्णीय भरत होते, बसमध्ये लोंबकळत तेच जात होते, आणि पैसा उपनगरी रेल्वेत जात होता. बस रायडर्स युनियन नावाने प्रवासी संघटित झाले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा आधार घेऊन ते न्यायालयात गेले. १९९६ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला: पास राहील, बसमधली गर्दी ठरलेल्या मर्यादेत आणावी लागेल, नव्या गाड्या घ्याव्या लागतील. दहा वर्षे न्यायालयाची त्यावर देखरेख होती.

त्यानंतर २००८ आणि २०१६ मध्ये तिथल्या मतदारांनी आणखी दोन वेळा अर्धा-अर्धा टक्का मान्य केला. २०१६ च्या प्रस्तावाला एकाहत्तर टक्क्यांहून अधिक मते मिळाली. मधल्या २०१२ च्या प्रस्तावाला सहासष्ट टक्के मते मिळूनही दोन तृतीयांशची अट थोडक्यात हुकली आणि तो पडला. सांगायचा मुद्दा असा की, पैसा कशाला लागणार हे स्पष्ट असेल तर माणसे स्वतःवर कर लावून घ्यायला तयार होतात. आणि ज्यांचा पैसा आहे ते जागे नसतील तर तो भलतीकडे वाहून जातो, हेही याच शहराने दाखवले.

विक्रीकर न्याय्य आहे का?

नाही. हे सरळ मान्य करावे. एक उदाहरण घेऊ, आकडे निव्वळ समजण्यापुरते. बारा हजार कमावणारी बाई आठ हजारांची खरेदी करते. अर्धा टक्का कर म्हणजे चाळीस रुपये, तिच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश टक्का. दीड लाख कमावणारा माझ्यासारखा साठ हजार खर्च करतो. त्याचा कर तीनशे रुपये, उत्पन्नाच्या एक पंचमांश टक्का. बाकीचे मी गुंतवतो, त्यावर हा कर नाही. कमी कमावणाऱ्यावर जास्त भार, हा विक्रीकराचा स्वभावच आहे. कॅलिफोर्नियात घरी शिजवायच्या धान्य-भाजीवर हा कर नाही, म्हणून तिथे तो थोडा सौम्य आहे. पण स्वभाव बदलत नाही.

तरीही त्या चाळीस रुपयांच्या बदल्यात तिचे बसभाडे दोनशे साठ रुपयांनी कमी झाले तर ती फायद्यात आहे. म्हणजे कर कसा घेतला याइतकेच तो कशावर खर्च झाला यालाही महत्त्व आहे. गरिबाकडून घेऊन गरिबाच्या बसवर खर्च केला तर निभेल. गरिबाकडून घेऊन मोटारवाल्याच्या पुलावर खर्च केला तर ती लूट आहे.

आता आपल्याकडे पाहू. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर मोटारींचा टोल माफ झाला. सात महिन्यांनी बसचे भाडे दुप्पट झाले. किनारी रस्त्यावर तेरा हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला, आणि त्यावरून जाणाऱ्या मोटारीला टोल नाही. महापालिकेच्या २०२५-२६ च्या ७४,४२७ कोटी रुपयांच्या अर्थसंकल्पात बेस्टसाठी १,००० कोटी होते. म्हणजे शंभर रुपयांतले एक रुपया पस्तीस पैसेही नाहीत. पैसा नाही असे कोणी म्हणत असेल तर त्याने आधी या आकड्यांकडे पाहावे. पैसा आहे, क्रम चुकला आहे.

कर तर आपण भरतोच आहोत

जीएसटीमुळे शहराला विक्रीकर लावता येत नाही, असे मी वर लिहिले. पण एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. जकात गेल्यावर महापालिकांना त्याची भरपाई द्यायचा कायदा महाराष्ट्राने २०१७ मध्ये केला. या भरपाईत दर वर्षी आठ टक्के चक्रवाढीने वाढ होते. मुंबईसाठी ही रक्कम आता वर्षाला चौदा हजार कोटी रुपयांहून अधिक आहे. राज्यातल्या इतर महापालिकांनाही त्यांच्या गेलेल्या कराबद्दल अशीच भरपाई मिळते.

ही भरपाई येते कुठून? राज्याच्या तिजोरीतून, आणि त्या तिजोरीत मोठा वाटा जीएसटीचा. गोवंडीत साबण घेणारी बाई, कुर्ल्यात मोबाइलचे कव्हर घेणारा मुलगा, मुंब्र्यात लग्नाचा कपडा घेणारे कुटुंब, सगळे तो भरतात. म्हणजे अटलांटाच्या मजुराने १९७१ मध्ये जो कर भरायचे मान्य केले, तो आपण केव्हाच भरतो आहोत. त्याच्या हातात पंधरा सेंटचे लेखी वचन होते, आपल्या हातात काही नाही.

म्हणून नवा कर मागण्याआधी पहिली मागणी ही असावी: जकातीच्या भरपाईतल्या दर दहा रुपयांतला एक रुपया कायद्याने बससाठी राखून ठेवा. मुंबईपुरते पाहिले तर ते चौदाशे कोटींच्या वर जातात, म्हणजे बेस्टला २०२५-२६ मध्ये दिलेल्या रकमेहून जास्त. शिवाय भरपाई आठ टक्क्यांनी वाढेल तसा बसचा वाटाही वाढेल. दर फेब्रुवारीत आयुक्तांकडे हात पसरायला नको.

यावर आक्षेप येईल की हा पैसा दवाखाने आणि शाळांतून कापला जाईल. आक्षेप खरा आहे, कारण महापालिकेची झोळी एकच आहे. म्हणून दुसरी मागणी जोडावी लागेल. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर या शहरांत घर विकत घेताना मुद्रांक शुल्कावर एक टक्का मेट्रो अधिभार द्यावा लागतो. कोटीच्या घराला एक लाख. या करात एक न्याय आहे: घर जितके महाग तितका कर जास्त, आणि वाहतूक सुधारली की त्याच घराची किंमत वाढते. पण मेट्रोच्या स्थानकापर्यंत माणसाला आणणार कोण? बस. त्या अधिभारातला ठरलेला हिस्सा बसच्या रोजच्या धावण्यासाठी, म्हणजे चालक, वाहक, देखभाल आणि डेपोसाठी, मिळालाच पाहिजे. आपल्याकडे बांधकामाला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. उद्घाटनाची फीत चालकाच्या पगारावर कापता येत नाही, हे त्याचे कारण.

तिसरी मागणी माझ्यासारख्यांच्या आणि आमच्या कंपन्यांच्या खिशाबद्दल आहे. फ्रान्समध्ये १९७१ पासून पॅरिस परिसरात, आणि नंतर इतर शहरांत, कंपन्यांना पगाराच्या प्रमाणात वाहतूक कर द्यावा लागतो. लहान मालकांना सूट आहे. तर्क साधा आहे: कामगार वेळेवर पोहोचतो याचा फायदा मालकाला होतो. आपल्याकडे पगारावर व्यवसाय कर आहे, पण राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार त्याला वर्षाला अडीच हजार रुपयांची कमाल मर्यादा आहे. बारा हजार पगाराचा सुरक्षारक्षक अडीच हजार भरतो, आणि लाखांत पगार घेणारा मीही अडीच हजारच भरतो. ही मर्यादा वाढवायला घटना दुरुस्ती लागेल, ते काम लांबचे आहे. पण मोठ्या कार्यालयांकडून वाहनतळाचे खरे शुल्क घेणे लांबचे नाही. रस्त्याच्या कडेला फुकट उभी राहणारी मोटार शहराची जमीन वापरते. त्या जमिनीचे भाडे बसने घ्यावे, यात अन्याय कुठे आहे?

"आम्ही बसने जात नाही"

काही वाचक म्हणतील, आम्ही बसने जात नाही, आम्ही का द्यायचे? उत्तर थांब्यावर उभे राहून मिळते. एका बसमध्ये साठ माणसे असतात. ती साठ माणसे रिक्षा, दुचाकी आणि मोटारीत बसली तर तुमची मोटार हलणार नाही. बसप्रवासी मोटारवाल्यासाठी रस्ता मोकळा ठेवतो, आणि त्याबद्दल त्याला कोणी पैसे देत नाही.

काही जण दुसऱ्या बाजूने म्हणतील, कर्नाटकाने २०२३ मध्ये महिलांना सरकारी बस मोफत केली, दिल्लीने २०१९ मध्येच केली, महाराष्ट्रात एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. तसे करा, कर कशाला? या योजनांनी बायकांना घराबाहेर पाय टाकायला मोठा आधार दिला, हे खरेच. पण सवलत तिकिटावर मिळते, गाडीवर नाही. मोफत तिकीट घेऊन पाऊण तास थांब्यावर उभे राहायचे असेल तर त्या मोफतपणाला काय अर्थ? आणि जी सवलत दर वर्षीच्या अर्थसंकल्पावर आणि निवडणुकीवर टांगलेली आहे, ती केव्हाही काढता येते. राखून ठेवलेला निधी काढायला कायदा बदलावा लागतो. तेव्हा निदान आवाज तरी होतो.

आणि भ्रष्टाचाराचे काय? राखीव निधी म्हणजे राखीव कुरण, असेही होऊ शकते. म्हणून निधीबरोबर तीन अटी हव्यात. प्रत्येक मार्गावर रोज किती फेऱ्या ठरल्या आणि किती झाल्या, याचा आकडा लोकांसमोर ठेवायचा. गाड्यांवर जीपीएस आहे, माहिती आधीच गोळा होते. ती रोज प्रसिद्ध करणे हे एका लहान सॉफ्टवेअर गटाचे काही आठवड्यांचे काम आहे, हे मी माझ्या धंद्याच्या अनुभवावरून सांगतो. दुसरी अट, निधीच्या समितीवर रोज बसने जाणारे प्रवासी हवेत, त्यात निम्म्या बायका. तिसरी, वाटप वस्तीच्या गरजेनुसार: जिथे लोकसंख्या दाट आणि स्वतःचे वाहन कमी, तिथे फेऱ्या आधी वाढल्या पाहिजेत. हे सूत्र लिहून ठेवले नाही तर नव्या गाड्या कुठल्या मार्गावर जातील, हे आपल्याला आजच माहीत आहे.

आपण काय करायचे

आपल्या वस्त्यांतले प्रश्न मांडताना आपण बहुतेक वेळा एखाद्या घटनेनंतर जागे होतो. अपघात झाला की मोर्चा, भाडे वाढले की निवेदन. अटलांटाच्या कृष्णवर्णीयांनी १९६८ मध्ये 'नाही' म्हटले, ते आवश्यक होते. पण बसचे भाडे उतरले १९७१ मध्ये, जेव्हा त्यांनी 'हो, पण या अटींवर' असे म्हटले आणि अटी लिहून घेतल्या. ज्या अटी पुरेशा घट्ट लिहिल्या गेल्या नाहीत, त्या पुढे बुडाल्या. दोन्ही धडे आपल्या उपयोगाचे आहेत.

मार्च २०२२ पासून पुढे मुंबईत कित्येक वर्षे नगरसेवकच नव्हते, प्रशासकच सगळे ठरवत होते. त्या काळात प्रश्न विचारायला माणूस नव्हता ही सबब चालली असती. ती सबब कायमची नाही. अर्थसंकल्पाआधी महापालिका अलीकडे नागरिकांच्या सूचना मागवते. मोहल्ला समित्या, महिला मंडळे, कामगार संघटना आणि महाविद्यालयांतली मुले यांनी मिळून एकच पानभर सूचना पाठवावी: भरपाईतला दहावा हिस्सा बसला, मेट्रो अधिभारातला ठरलेला हिस्सा बसला, आणि फेऱ्यांचा रोजचा आकडा लोकांसमोर. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो आपल्या समाजाचा असो वा नसो, हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर लेखी घ्यावे. आपल्या नावाने टोपी घालून फोटो काढणाऱ्यापेक्षा आपल्या थांब्यावर दहा मिनिटांनी बस आणणारा आपल्या जास्त कामाचा.

दुकानात दिलेल्या प्रत्येक रुपयातून जो कर जातो, ती आपली शहराकडे ठेवलेली अमानत आहे. ती परत मागण्यात याचना नाही. शिवाजीनगरच्या त्या ताईंना संध्याकाळी पायी जावे लागते, ते त्यांनी कर भरला नाही म्हणून नव्हे. त्यांनी भरलेला कर कुठल्या गाडीला लागला, हे विचारणारे कोणी नव्हते म्हणून. ते विचारायचे काम आपले आहे.